दीर्घकालीन हिपॅटायटिस बी : उपचाराचा निर्णय पायरीपायरीने कसा घ्यावा

हिपॅटायटिस बी असल्याचे कळले की रुग्णाचे पहिले प्रश्न औषधाचे असतात. कोणते औषध, किती दिवस आणि विषाणू जाणार कधी? या तिन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : विषाणूमुळे यकृताची हानी होते आहे का, आणि आज होत नसेल तर पुढे होण्याचा संभव किती? अंगात विषाणू आहे एवढ्यावरून उपचार सुरू होत नाहीत, आणि त्रास काहीच जाणवत नाही एवढ्यावरून ते टाळताही येत नाहीत. यकृत बराच काळ मुकाट्याने झिजत राहते, त्यामुळे ‘मला तर काही होत नाही’ हे वाक्य या आजारात फारसे उपयोगाचे नाही.

दुसरी गोष्टही आधीच समजून घेतलेली बरी. आजच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, पण त्याला मुळासकट उपटत नाहीत. विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात बंद वर्तुळाच्या रूपात ठाण मांडून बसतो आणि त्याचे काही तुकडे पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतही मिसळतात. विषाणूच्या नव्या प्रती तयार व्हायला जे विकर लागते त्याला गोळ्या अडवतात. केंद्रकातल्या मूळ प्रतीला त्यांचा धक्का लागत नाही. म्हणून गोळी बंद केली की बहुतेकांमध्ये विषाणू पुन्हा डोके वर काढतो. उपचार सुरू करणे सोपे आणि थांबवणे अवघड असा हा प्रकार असल्याने, सुरू करतानाच थांबवण्याचाही विचार व्हायला हवा. अंतिम निर्णय यकृतरोगतज्ज्ञाबरोबर बसूनच घ्यायचा आहे. त्या बैठकीला तयारीने जाता यावे म्हणून हा लेख.

पहिली पायरी : निदान पक्के करणे आणि कागद जमवणे

रक्तात एचबीएसएजी हे प्रतिजन (विषाणूच्या आवरणातले प्रथिन) सहा महिन्यांहून अधिक काळ सापडत राहिले तर संसर्ग दीर्घकालीन मानतात. प्रौढ वयात संसर्ग झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांमध्ये तो टिकून राहतो, तर जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झालेला संसर्ग सुमारे नव्वद टक्के वेळा कायमचा होतो. म्हणून प्रौढाला संसर्ग नुकताच झाल्याची शंका असेल आणि यकृताचे काम बिघडलेले नसेल, तर सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करूनच पुढचे बोलावे. उलट, जुन्या रक्तदानाच्या किंवा गर्भारपणातल्या तपासणीचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेला कागद हाती लागला, तर वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. घरातली जुनी फाइल शोधण्यात घालवलेली दुपार कधी कधी एखाद्या महागड्या चाचणीपेक्षा अधिक सांगून जाते.

यानंतर पुढील तपासण्यांचे अहवाल एकत्र हवेत : एचबीईएजी (विषाणूचे दुसरे प्रतिजन) आणि अँटी-एचबीई (त्याविरुद्ध शरीराने बनवलेले प्रतिपिंड), एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, एएलटी आणि एएसटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे, ज्यांना अनेक प्रयोगशाळा एसजीपीटी आणि एसजीओटी म्हणतात, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याचे माप), प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी, आणि शक्य असेल तिथे फायब्रोस्कॅन. त्यांच्या जोडीला एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि हिपॅटायटिस डी यांच्या चाचण्या एकदा व्हायलाच हव्यात. एचआयव्हीची चाचणी न करता हिपॅटायटिस बीची गोळी सुरू करणे धोक्याचे आहे, कारण यांतील काही औषधे एचआयव्हीवरही अर्धवट काम करतात. ती एकटी दिली गेली तर एचआयव्हीचा विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

कुटुंबात कोणाला सिरॉसिस (यकृत व्रणांनी भरून कडक होणे) किंवा यकृताचा कर्करोग झाला होता का, हेही लिहून ठेवावे. उपचाराच्या निर्णयात त्याला थेट वजन आहे.

दुसरी पायरी : अहवाल नीट वाचणे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

डीएनएचा आकडा आंतरराष्ट्रीय एककांत, प्रति मिलिलिटर दिलेला असतो. तो कधी सरळ संख्येत, कधी दहाच्या घातांकात, तर कधी लॉगमध्ये छापतात. १.८ गुणिले दहाचा सातवा घात म्हणजे १ कोटी ८० लाख, आणि त्याचाच लॉग ७.२६. पुढच्या अहवालात लॉग ६.२६ आला तर आकडा थोडासा कमी झालेला दिसतो, पण प्रत्यक्षात विषाणू दहापट घटलेला असतो. जुन्या अहवालांत ‘कॉपीज’ हे एकक आढळते. एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे साधारण पाच ते सहा कॉपीज. एकके न पाहता दोन अहवालांची तुलना केली तर आजार विनाकारण वाढलेला किंवा घटलेला वाटतो.

एचबीईएजी पॉझिटिव्ह असणे म्हणजे विषाणू जोमात वाढतो आहे. निगेटिव्ह असणे मात्र दरवेळी शुभवर्तमान नसते. विषाणूत असा बदल होऊ शकतो की तो हे प्रतिजन तयार करणे सोडून देतो, पण वाढतच राहतो. अशा रुग्णांत एएलटी महिनोन्महिने चढउतार करते आणि नेमकी उतारावर असताना तपासणी झाली की सगळे आलबेल दिसते. एका अहवालावरून ‘निष्क्रिय वाहक’ असा शिक्का मारून घेऊ नये, तो याचसाठी. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी एएलटी पाहिल्यावरच तसे म्हणता येते.

आता एएलटीची मर्यादा. प्रयोगशाळेच्या छापील रकान्यात ती बहुधा ४० किंवा त्याहूनही वर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरलेली आहे. अमेरिकेच्या यकृतरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ती अनुक्रमे ३५ आणि २५ मानली होती. हा फरक प्रत्यक्षात किती पडतो हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. चव्वेचाळीस वर्षांची स्त्री, एचबीईएजी निगेटिव्ह, एएलटी ३८, एएसटी ३६, प्लेटलेट १,५०,०००, डीएनए ६,४००. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० असल्यामुळे यकृताच्या चाचण्यांतला एकही आकडा ठळक छापलेला नाही. घरी गेल्यावर ती म्हणेल, ‘लिव्हर नॉर्मल आहे.’

आता एप्री हा साधा निर्देशांक काढू. एएसटीला तिच्या मर्यादेने भागायचे, म्हणजे ३६ भागिले ४० बरोबर ०.९; त्याला प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने, म्हणजे १५० ने भागून शंभराने गुणायचे. उत्तर ०.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ०.५ च्या वरचा एप्री लक्षणीय फायब्रोसिस सुचवतो, म्हणजे यकृतात व्रणाचे धागे जमू लागल्याची ती खूण. १ च्या वर गेला तर सिरॉसिसचा संशय. या स्त्रीच्या बाबतीत एप्री मर्यादेबाहेर आहे, डीएनए २,००० च्या वर आहे आणि एएलटी १९ च्या बरोबर दुप्पट आहे. २०२४ च्या निकषांनुसार ती उपचाराला पात्र ठरते. २०१८ च्या अमेरिकी निकषानुसार मात्र एएलटी मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे ५०, झालेली नाही. तिथे आधी फायब्रोसिसचा नीट अंदाज घेऊन मग ठरवा असे सांगितले जाई. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मते दिली तर त्यांतला एक चुकलाच असे धरून चालू नये, ते वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरत असू शकतात. कोणत्या निकषाने ठरवले हे सरळ विचारावे.

अशा वेळी फायब्रोस्कॅन कामाला येतो. यकृताचा ताठरपणा तो किलोपास्कलमध्ये मोजतो. ७ च्या वर लक्षणीय फायब्रोसिस आणि १२.५ च्या वर सिरॉसिस, असे साधारण टप्पे आहेत. वरच्या उदाहरणात आकडा ८.२ आला तर उपचाराची बाजू भक्कम होते. ५ आला तर काही महिने थांबून एएलटी आणि डीएनए पुन्हा पाहण्याचा मार्गही वाजवी ठरतो. तपासणीआधी किमान तीन तास काही खाऊ नये, आणि एएलटी खूप वाढलेली असताना ही तपासणी करू नये, कारण सुजेमुळेही यकृत ताठर भासते आणि फायब्रोसिस आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची, वेळ आता क्वचितच येते. बाकीच्या चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील तेव्हाच ती करावी.

तिसरी पायरी : आपण कोठे बसतो ते ठरवणे

सिरॉसिस असेल आणि डीएनए कितीही कमी प्रमाणात सापडत असेल, तर उपचार लागतात. यात वाटाघाटीला जागा नाही. जलोदर, रक्ताची उलटी, भ्रमिष्टपणा किंवा कावीळ अशी यकृत निकामी होत असल्याची लक्षणे असतील तर औषध ताबडतोब सुरू करावे लागते आणि यकृत प्रत्यारोपणाच्या केंद्राचे मतही घ्यावे लागते.

सिरॉसिस नसेल तर तीन गोष्टींचे वजन करायचे : डीएनए २,००० च्या वर आहे का, एएलटी वाढलेली आहे का, फायब्रोसिस लक्षणीय आहे का. लक्षणीय फायब्रोसिस एकटाही पुरेसा आहे. डीएनए आणि वाढलेली एएलटी मात्र जोडीने हवीत. एएलटी वाढण्याला यकृतातील चरबी, मद्य, इतर औषधे किंवा वनस्पतिजन्य काढे ही कारणेही असू शकतात, ती आधी तपासून पाहावीत. हिपॅटायटिस बीच्या माथी सगळे मारले तर गोळी चालू होते आणि एएलटी आहे तिथेच राहते. याखेरीज एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा डीचा जोडसंसर्ग, मधुमेह किंवा चरबीयुक्त यकृत, यकृताच्या कर्करोगाचा किंवा सिरॉसिसचा कौटुंबिक इतिहास, आणि विषाणूमुळे मूत्रपिंडाला किंवा रक्तवाहिन्यांना झालेला विकार, ही २०२४ च्या तत्त्वांनुसार उपचाराकडे कल झुकवणारी कारणे आहेत.

अवघड गट दोन. पहिला तरुणांचा : एचबीईएजी पॉझिटिव्ह, डीएनए कोट्यवधींत, पण एएलटी सातत्याने मर्यादेत आणि फायब्रोसिस नाही. इथे शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूशी अजून झुंजायला लागलेली नसते. पूर्वी अशांना सरसकट थांबायला सांगत. युरोपीय संघटनेच्या २०१७ च्या तत्त्वांनी तिशीनंतर अशांना उपचार देता येतील असे म्हटले आणि त्यानंतर कल उपचार लवकर सुरू करण्याकडे झुकत गेला आहे. दुसरा गट मधल्या पट्ट्यातला : डीएनए २,००० च्या आसपास घुटमळणारा, एएलटी कधी आत कधी बाहेर. माझे मत असे की या गटात वय चाळिशीपुढे असेल, घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा नियमित तपासणीला येणे जमणार नसेल, तर उपचाराच्या बाजूने झुकावे; तरुण वय, निकोप फायब्रोस्कॅन आणि तपासणीची खात्री असेल तर थांबण्यात वावगे काही नाही.

थांबायचे ठरले तर तो ‘काही करायचे नाही’ असा निर्णय नव्हे. दर तीन ते सहा महिन्यांनी एएलटी, वर्षाकाठी डीएनए आणि फायब्रोसिसचा अंदाज, आणि कर्करोगाचा धोका असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपी (यकृताच्या कर्करोगाची खूण शोधणारी रक्तचाचणी), एवढे ठरलेले हवे. तारखा डायरीत लिहिल्या नाहीत तर दोन वर्षे कशी निघून जातात ते कळत नाही.

चौथी पायरी : वेळापत्रक बदलणारे प्रसंग

काही प्रसंगी वरचे सगळे निकष बाजूला राहतात. केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखी औषधे, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ जास्त मात्रेतील स्टेरॉइड यांमुळे शांत असलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामीही होऊ शकते. तिथे आधी प्रतिबंधक गोळी आणि मग तो उपचार, हा क्रम पाळावा लागतो. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या घेतानाही अशी उसळी येऊ शकते. दुसऱ्या कोणत्याही आजाराच्या डॉक्टरांना आपला एचबीएसएजी पॉझिटिव्ह असल्याचे न विसरता सांगावे.

गर्भारपणात प्रश्न दुहेरी असतो, आईच्या यकृताचा आणि बाळाला होणाऱ्या संसर्गाचा. आईचा डीएनए २,००,००० च्या वर असेल तर तिच्या यकृताला गरज नसली तरी बाळासाठी टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल देतात, बहुधा दुसऱ्या तिमाहीत किंवा २८ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून. जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लसीची पहिली मात्रा, आणि उपलब्ध असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यायचे. स्तनपान करता येते. प्रसूतीनंतर गोळी थांबवली तर काही महिने आईची एएलटी पाहत राहावी, कारण त्या काळात उसळी येते.

पाचवी पायरी : औषध निवडणे

निवड मुख्यतः तीन गोळ्यांत आणि एका इंजेक्शनात आहे. लॅमिव्हुडिन हे १९९८ मध्ये आलेले जुने औषध एकटे वापरू नये, कारण पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांमध्ये विषाणू त्याला दाद देईनासा होतो. पूर्वी ते घेतलेले असेल तर तो तपशील लपवू नये. पुढची निवडच त्यावर अवलंबून आहे.

एंटेकॅविर रोज ०.५ मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी घ्यायचे. पूर्वी औषध न घेतलेल्यांत पाच वर्षांनंतरही विषाणूने औषधाला प्रतिकार करण्याचे प्रमाण सुमारे १.२ टक्के आढळले. मात्र लॅमिव्हुडिनला दाद न देणाऱ्या विषाणूवर ते लवकर निकामी होते, तिथे टेनोफोविर घ्यावे. गर्भधारणेचा विचार असेल तरीही एंटेकॅविर टाळतात.

टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल रोज ३०० मिलिग्रॅम. मोठ्या चाचण्यांच्या आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्याला प्रतिकार सिद्ध झाल्याचे आढळले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या बायोप्सी अभ्यासात, सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ पैकी ७१ जणांत तो मागे हटलेला दिसला. सिरॉसिस झाला म्हणजे आता औषधाचा उपयोग नाही ही समजूत सोडून द्यावी, ती यासाठी. या औषधाची उणी बाजू मूत्रपिंड आणि हाडे. काही जणांत क्रिएटिनिन वाढते, लघवीतून फॉस्फेट जाते आणि हाडांची घनता घटते.

टेनोफोविर अलाफेनामाइड हे त्याचेच नवे रूप, रोज २५ मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. रक्तात औषधाची पातळी कमी राहत असल्याने मूत्रपिंड आणि हाडे यांना ते सौम्य पडते, पण कोलेस्टेरॉल व वजन थोडे वाढू शकते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि अपस्माराची कार्बामाझेपिन व फेनिटॉइन ही औषधे त्याचा प्रभाव घटवतात.

मग निवड कशी करावी? तरुण, मूत्रपिंड निकोप, गर्भधारणेची शक्यता : टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल. साठीपुढचे वय, हाडे ठिसूळ, मूत्रपिंडाची तक्रार : एंटेकॅविर किंवा अलाफेनामाइड, यांपैकी पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेल्यांना अलाफेनामाइड. मूत्रपिंड कमजोर असेल तर एंटेकॅविर आणि टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल यांची मात्रा बदलावी लागते. परिणामाच्या दृष्टीने तिन्हींत फार अंतर नाही, त्यामुळे जी गोळी वर्षानुवर्षे न चुकता मिळेल आणि परवडेल तिला मी झुकते माप देईन.

पेगिलेटेड इंटरफेरॉन हा निराळा मार्ग आहे. आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे, आणि मग बंद. त्याची ओढ वाटते ती याच ‘बंद’मुळे. एचबीईएजी पॉझिटिव्ह रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांत ते प्रतिजन जाऊन अँटी-एचबीई येते. एचबीएसएजी जाण्याचे प्रमाण मात्र अल्पच आहे. ताप, अंगदुखी, थकवा, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटणे, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य हे त्याचे त्रास. यकृत निकामी होत असलेल्यांना, गर्भवतींना, स्वप्रतिकार विकार किंवा आटोक्यात नसलेला मानसिक आजार असलेल्यांना ते देत नाहीत. एएलटी बरीच वाढलेली, डीएनए फार नाही आणि विषाणूचा जनुकप्रकार ए किंवा बी असेल, तर यशाची शक्यता बरी असते. बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्याला एचबीएसएजीचे प्रमाण मोजून, ते फारसे घटले नसेल तर इंजेक्शने थांबवता येतात. सुरू करण्याआधीच हा मुक्काम डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

हिपॅटायटिस डी सापडला तर हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण वरच्या गोळ्या त्या विषाणूला रोखत नाहीत. तिथे इंटरफेरॉन, आणि जिथे मिळते तिथे बुलेव्हर्टाइड, यांचा विचार होतो.

सहावी पायरी : थांबण्याचा मुद्दा आधीच बोलणे

गोळ्यांवर असताना एचबीएसएजी नाहीसे होणे, ज्याला कार्यात्मक बरे होणे म्हणतात, ते वर्षाला जेमतेम एक टक्का रुग्णांत घडते. ते पुन्हा तपासून खात्री झाली की गोळी थांबवता येते. एचबीईएजी पॉझिटिव्ह रुग्णात ते प्रतिजन जाऊन अँटी-एचबीई आले आणि डीएनए सापडेनासा झाला, तर त्यानंतर किमान एक वर्ष, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते तीन वर्षे, गोळी चालू ठेवून मग थांबण्याचा विचार होतो. एचबीईएजी निगेटिव्ह रुग्णांना बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागते. निदान तीन वर्षे डीएनए दबलेला, सिरॉसिस नाही आणि कडक देखरेख शक्य आहे, अशा निवडकांतच थांबून पाहतात. एचबीएसएजीचे प्रमाण प्रति मिलिलिटर १०० आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली असेल तर उसळी येण्याची शक्यता कमी असते. सिरॉसिस असलेल्यांनी थांबवण्याचा प्रयोग करू नये.

मनाने गोळी सोडणे मात्र सर्वांत धोक्याचे. उसळी बहुधा पहिल्या काही महिन्यांत येते आणि कधी कधी इतकी तीव्र असते की यकृत निकामी होते. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने थांबवल्यावरही सुरुवातीला दरमहा आणि मग वर्षभर दर तीन महिन्यांनी एएलटी व डीएनए पाहावे लागते.

सातवी पायरी : सुरू केल्यावर

पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी डीएनए आणि एएलटी. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल घेत असल्यास क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनेही. एचबीईएजी पॉझिटिव्ह आणि डीएनए फार मोठा असेल तर तो शून्यावर यायला वर्षाहून अधिक लागू शकते. उतरता क्रम टिकून असेल तर औषध बदलण्याची घाई करू नये. उतरलेला डीएनए पुन्हा दहापट चढला तर बहुतेक वेळा कारण सुटलेल्या गोळ्या असते, म्हणून आधी औषधाची पाकिटे मोजावीत आणि मगच प्रतिकाराची शंका घ्यावी.

डीएनए शून्यावर आल्यावरही ज्यांना कर्करोगाचा धोका आहे त्यांची सहामाही सोनोग्राफी चालू राहते, कारण उपचाराने धोका घटतो, पण पुसला जात नाही. मद्य पूर्ण बंद करावे, हिपॅटायटिस एची प्रतिकारशक्ती नसेल तर ती लस घ्यावी, आणि जोडीदार, मुले व भावंडे यांची चाचणी करून निगेटिव्ह असलेल्यांना बीची लस द्यावी. एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा विषाणू पसरत नाही. वस्तरा आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवावेत. प्रवासाला किंवा परगावी राहायला जाताना निदान महिनाभराच्या जादा गोळ्या आणि शेवटच्या अहवालाची प्रत सोबत असावी, म्हणजे नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत औषध लिहून देता येते आणि मधला एकही दिवस रिकामा जात नाही.